आबा, तिचे गाल बघा!



डोळ्यांनी पाहायच्या गोष्टीबद्दल रेडिओवर बोलायचं, म्हणजे पंगतीचं वर्णन ऐकवून कुणाचं पोट भरण्यासारखं आहे. तरी आज तो प्रयत्न करणार आहे. मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलांना बसवलं, ग्रेड मिळवून दिल्या. चित्र कसं पाहायचं हे आपल्याला कळतं, असा माझा समज होता. तो समज माझ्या तिसरीतल्या नातीनं एका वाक्यात खाली आणला. त्याचीच ही गोष्ट.

मागल्या जूनमध्ये ती आमच्याकडे राहायला आली. मुलाची आणि सुनेची, दोघांची बदली एकदमच झाली, तीही वेगवेगळ्या गावी. घर लागेपर्यंत, शाळा ठरेपर्यंत पोर आजी-आजोबांकडे राहील, असं ठरलं. पोर गुणी. ताटातलं संपवायची, अभ्यास करायची, रात्री आईचा फोन आला की ‘मी मजेत आहे’ म्हणायची. तक्रार नाही, हट्ट नाही. आम्ही दोघं म्हातारे खूश. एकच गोष्ट खटकायची. तिनं आणलेली कपड्यांची बॅग तिनं उघडून लावलीच नाही. रोज त्यातून एक फ्रॉक काढायची, धुतलेला फ्रॉक पुन्हा घडी करून त्यातच ठेवायची आणि चेन लावायची. कपाटात जागा करून दिली होती. ‘असू दे आबा’ म्हणाली. मीही असू दिलं.

पावसाळ्यात बाहेर खेळणं बंद झालं, तेव्हा शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं तिला आपल्या टॅबवर एक जुनी जपानी कार्टून मालिका लावून दिली. ‘हायडी’. स्विस लेखिका योहाना स्पिरी यांची ही कथा १८८०-८१ सालची. आईबाप नसलेली एक लहान मुलगी आल्प्सच्या डोंगरात एकट्या राहणाऱ्या आजोबांकडे येते, रमते, आणि मग तिला शहरात नेलं जातं. तिच्यावरून जपान्यांनी १९७४ मध्ये ५२ भागांची मालिका केली. जानेवारीत सुरू झाली, डिसेंबरअखेर संपली. दर रविवारी संध्याकाळी एक भाग. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. पात्रांची रूपं ठरवणारे योइची कोताबे. आणि प्रत्येक दृश्याची मांडणी करणारे, तेव्हा फारसे कुणाला माहीत नसलेले, हायाओ मियाझाकी. पुढे १९८५ मध्ये ‘स्टुडिओ जिब्ली’ उभा राहिला, तो ताकाहाता आणि मियाझाकी या जोडीच्याच नावानं ओळखला गेला.

आता अडचण अशी, की टॅबवरची भाषा जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरं. नात मराठी शाळेतली. ती एक शब्द जुळवेपर्यंत ओळ पळून जायची. आणि ती बारीक अक्षरं माझ्या चष्म्याला दाद देत नव्हती. म्हणजे आम्हा दोघांनाही एक अक्षर कळत नव्हतं. तरी तिला सगळं कळत होतं. मी आधी पेपर वाचत नुसता शेजारी बसायचो. ‘ही जपानी चित्रं म्हणजे नुसते बशीएवढे डोळे’, असं माझं ठाम मत. मग हळूहळू पेपर खाली आला.

पहिला भाग सांगतो. सकाळची वेळ. मावशी (मुलीच्या आईची बहीण, म्हणजे आपल्या हिशेबानंही मावशीच) पाच वर्षांच्या हायडीला घेऊन डोंगर चढते आहे. तिला शहरात नोकरी मिळाली आहे, मुलीला आजोबांच्या गळ्यात घालून ती मोकळी होणार आहे. सामान उचलायला नको म्हणून तिनं मुलीचे सगळे कपडे मुलीच्याच अंगावर चढवलेत. एकावर एक झगे, वर शाल, पायात जड बूट. मुलगी अक्षरशः गाठोडं झाली आहे. चेहरा लालबुंद, घाम निथळतोय, पाऊल उचलवत नाही.

इथं मला चित्रकला शिक्षक म्हणून पहिली टोचणी लागली. ‘चालणारा माणूस काढा’ म्हटलं, की मुलं दोन पाय फाकवून दाखवतात. माणूस चालतोय असं वाटत नाही, कारण त्या चित्रात वजन नसतं. वजन कागदावर कसं आणायचं? चलत्चित्रात ते वेळेतून येतं. सिनेमाच्या फितीवर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. डिस्नेच्या मोठ्या चित्रपटांत त्यासाठी सेकंदाला १२, कधी २४ वेगवेगळी चित्रं काढत. जपानी टीव्हीला दर आठवड्याला एवढी चित्रं परवडणारी नव्हती. १९६३ मध्ये ओसामु तेझुका यांनी ‘ॲस्ट्रो बॉय’ सुरू केलं, तेव्हा एकेक चित्र तीन-तीन चौकटी धरून ठेवायची युक्ती रूढ झाली. म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. पुष्कळदा तर अंग स्थिर आणि फक्त ओठ हलताहेत.

काटकसर ही अशी. पण काटकसरीच्या घरात कुठं पैसा खर्च करायचा हे गृहिणीला बरोबर कळतं, तसं ताकाहातांच्या मंडळींना कळलं होतं. जिथं पात्र नुसतं उभं आहे, तिथं ते स्थिर ठेवा. पण मुलगी डोंगर चढते आहे, तिथं तिचं अंग पुढं झुकणं, पाय मागे रेंगाळणं, हे नीट दाखवा. पाऊल टेकल्यावर चित्र जरा जास्त वेळ धरलं, की पाय जड वाटतो. तेच लवकर बदललं, की पाय हलका होतो. भावना चेहऱ्यावर यायच्या आधी पायात येते, हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं.

मग बकऱ्या वळणारा पेटर भेटतो. त्याच्या बकऱ्या उड्या मारत डोंगर चढताहेत. हायडी बघते, थांबते, आणि शाल काढून टाकते. मग एक झगा, मग दुसरा. बूट जातात, मोजे जातात. पातळ पांढऱ्या आतल्या झग्यात, अनवाणी, ती बकऱ्यांमागं धावत सुटते. आता तिचा पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच पुढचं चित्र येतं. मघाची गाठोड्यासारखी मुलगी ती हीच का, असं वाटावं.

विचार करा, ‘मला मोकळं वाटतंय’ हे वाक्य तिच्या तोंडी घालणं किती सोपं होतं! त्याऐवजी त्यांनी आधी आपल्याला तिच्याबरोबर पाच-सात मिनिटं घामाघूम केलं. तिच्या अंगावरचं ओझं आपल्याला जाणवलं, म्हणून ते उतरल्याचं सुखही आपल्याला मिळालं. मुळात कपडे उतरवण्याचा प्रसंग पुस्तकातलाच आहे. पण पुस्तकात तो वाचून कळतो, इथं तो आपल्या खांद्यांना कळतो.

गंमत म्हणजे, ताकाहाता हा प्रसंग जन्मभर विसरले नसावेत. त्यांचा शेवटचा चित्रपट २०१३ सालचा, ‘राजकुमारी कागुया’. त्यात खेड्यात वाढलेल्या मुलीला राजधानीत आणून भरजरी, एकावर एक घातलेल्या वस्त्रांत बसवलं जातं. मेजवानीला आलेले पुरुष तिच्याबद्दल वाटेल ते बोलतात, ते ती आडून ऐकते. मग ती दारं फोडत बाहेर पळते आणि पळता पळता एकेक वस्त्र मागं पडत जातं. इथं रेघसुद्धा बदलते. नाजूक, सफाईदार रेघ जाऊन कोळशानं ओरबाडल्यासारखी रेघ येते. चेहरा नीट दिसेनासाच होतो. मुलगी तशीच धावते, कपडे तसेच गळतात. पण १९७४ मध्ये तो आनंद होता, २०१३ मध्ये तो आकांत आहे. क्रिया एकच, तरी भाव उलटा. कशामुळं? रेघेमुळं, वेगामुळं, आणि त्या कपड्यांचं ओझं कुणी घातलं होतं त्यामुळं. ताकाहाता २०१८ मध्ये गेले.

दुसरी गोष्ट अंतराची. मुलीला किती जवळून दाखवायचं, किती लांबून, चौकटीत कुठं उभं करायचं, हे आधी एका आराखड्यावर ठरतं. त्याला ते लोक ‘लेआउट’ म्हणतात. ‘हायडी’च्या भागांची ही मांडणी मियाझाकींनी केली. आठवड्याला एक भाग, म्हणजे झोप मोडूनच करावं लागणारं काम. त्याचा फायदा असा झाला, की पहिल्या भागात आजोबांची झोपडी, तिच्यामागची झाडं, खालचं गाव जिथं असतं, तिथंच ते शेवटपर्यंत राहतं. बघणाऱ्याला ते घर पायाखालचं होतं. आणि घर पायाखालचं झालं, तरच ते सुटल्यावर जीव कासावीस होतो.

यासाठी ही मंडळी १९७३ मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर, गवत, घरं पाहून आली. आज यात नवल नाही, पण टीव्हीच्या कार्टूनसाठी परदेशी जाऊन पाहणी करणं ही तेव्हा अपूर्वाईची गोष्ट होती. कोताबे यांनी हायडीला आधी दोन वेण्या काढल्या होत्या. मग विचार झाला, की एकटा राहणारा म्हातारा रोज सकाळी नातीच्या वेण्या थोडाच घालत बसणार! वेण्या गेल्या, आखूड केस आले. आमच्या घरी वेण्या घालायचं काम आजीकडे असल्यामुळं मी वाचलो.

अंतराचा खरा उपयोग मला दिसला तो फ्रँकफर्टच्या भागांत. मालिकेच्या मध्यावर हायडीला शहरात, क्लारा नावाच्या, चालू न शकणाऱ्या श्रीमंत मुलीच्या सोबतीला नेऊन ठेवतात. क्लारा प्रेमळ आहे, खायला-ल्यायला भरपूर आहे. पण खिडकीतून डोंगर दिसत नाही. कुणी सांगतं, चर्चच्या मनोऱ्यावरून लांबचं दिसतं. ही धडपडत तिथवर जाते, वर चढते आणि बघते. चारी बाजूंना छपरं, धुराडी, पुन्हा छपरं. डोंगरावर मुलगी चौकटीत एवढीशी असायची, पण सभोवतीची मोकळी जागा तिचीच वाटायची. इथंही ती एवढीशीच आहे, पण सभोवतीचं काहीच तिचं नाही. दोन्हीकडे लहान मूल आणि मोठा देखावा. एकात ते मूल सुखी आहे, एकात हरवलेलं. शब्द लागत नाही.

आणि रंग. डोंगरावरचं हिरवं, निळं, संध्याकाळी शिखरांवर पेटणारं तांबडं. शहरातल्या घरात जड पडदे, गडद लाकूड, बंद दारं. मी हे सगळं मास्तरकीच्या थाटात पाहत होतो, ‘वा, रंगसंगती बदलली’ म्हणत होतो. तेवढ्यात शेजारून आवाज आला, ‘आबा, तिचे गाल बघा ना. लाल राहिले नाहीत.’

मी पाहिलं. हायडीच्या गालांवर लालीचे दोन गोल ठिपके असतात. कोताबे यांनी तिचा चेहरा अगदी थोड्या रेघांत बसवला आहे, त्यात ती लालीच काय ती ठसठशीत. शहरात ती लाली हळूहळू फिकी होत गेली होती. एकाएकी नव्हे; भागाभागांतून. मुलगी हसत होती, ‘हो’ म्हणत होती, शहाण्यासारखी वागत होती. डोंगराचं नाव काढायची तिला बंदी होती, म्हणून काढतही नव्हती. फक्त गाल खोटं बोलत नव्हते. ३१ वर्षं रंग शिकवणाऱ्याला जे दिसलं नाही, ते आठ वर्षांच्या मुलीला दिसलं होतं. कारण ती रंग बघत नव्हती. ती त्या मुलीकडे बघत होती.

पुढं त्या घरात रात्री ‘भूत’ फिरतं, सकाळी बाहेरचं दार उघडं सापडतं. शेवटी कळतं, की भूत म्हणजे झोपेत चालणारी, पांढऱ्या झग्यातली हायडी. स्वप्नात ती आजोबांच्या झोपडीचं दार उघडत असते. तोच पांढरा झगा, तेच अनवाणी पाय. पण पहिल्या भागातली धावणारी पावलं आता काहीच वजन नसल्यासारखी तरंगत येतात. डोळे उघडे, पण कशावर स्थिर नाहीत. डॉक्टर सांगतात, हिला औषध नको, हिला घरी पाठवा.

माझी नात हे बघत होती आणि मी नातीकडे बघत होतो. ती रडत नव्हती. तिनं पायाचे तळवे एकमेकांवर घट्ट धरले होते. कोपऱ्यात ती बॅग होती, चेन लावलेली, जणू आत्ता गाडी सुटणार आहे. आणि मला माझाच राग आला. दोन महिने ती बॅग मला रोज दिसत होती, पण मी ती कधी वाचलीच नव्हती.

तिसरी गोष्ट सांगायची राहिली, ती थांबण्याची. जपानी भाषेत ‘मा’ असा एक शब्द आहे. दोन गोष्टींमधली रिकामी जागा, रिकामा वेळ. २००२ मध्ये एका अमेरिकन समीक्षकाला मियाझाकींनी टाळ्या वाजवून हे समजावलं होतं, की दोन टाळ्यांच्या मधला जो वेळ, तो ‘मा’. आपल्याकडे गाणं ऐकणाऱ्याला हे सांगायला नको. समेवर येण्याआधीचा क्षणभराचा अवकाश आपल्याला माहीत आहेच. ‘हायडी’त असे क्षण जागोजाग आहेत. मुलगी नुसती गवतात पडून आकाश बघते. वाऱ्यानं झाडं हलतात. गोष्ट पुढं सरकत नाही. पण त्या वेळात बघणारा आत शिरतो. सतत काही ना काही घडत राहिलं, तर बघणाऱ्याला स्वतःचं काही वाटायला सवडच उरत नाही.

आणि मग आजोबा. तोंडानं फटकळ, गावाशी वैर धरून बसलेला म्हातारा. त्याला नातीबद्दल काय वाटतं, हे तो बोलत नाही. तो विस्तवावर चीज धरतो, ते सावकाश वितळतं, सोनेरी होतं, पावावर ओघळतं. माळ्यावर तो तिच्यासाठी गवताचा बिछाना घालून देतो. टेबल तिला उंच पडतं, म्हणून हत्यारं काढून तिच्या मापाचं स्टूल करून देतो. हे सगळं घाई न करता दाखवलं आहे, कारण म्हाताऱ्याचं प्रेम तिथंच आहे. एका माणसाचे हात दुसऱ्यासाठी काम करताना नीट दाखवले, तर संवादाची गरज राहत नाही.

असा जिवंतपणा नुसत्या कल्पनेनं येत नाही. मालिकेच्या सुरुवातीच्या गाण्यात हायडी आणि पेटर हात धरून गिरक्या घेत उड्या मारतात. त्यासाठी कोताबे आणि मियाझाकी हे दोन बापेगडी मोटारी लावायच्या जागेत हात धरून खरोखर नाचले, त्याचं छोट्या कॅमेऱ्यानं चित्रण केलं आणि त्यावरून यासुजी मोरी या ज्येष्ठ चित्रकारानं ती उडी काढली. मी हे नातीला सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा खळखळून हसली. ‘तुम्ही आणि आजी नाचा, मी काढते’ म्हणाली. आजीनं नकार दिला, हे सांगायला नकोच.

आपल्याला हे जग अगदीच परकं नाही. दूरदर्शनवर १९९० नंतरच्या काळात रविवारी सकाळी लागणारा मोगली आठवतो ना? गुलजारांचं शीर्षकगीत, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. तो मोगलीही जपानी, १९८९ सालचा. ज्या कंपनीत ‘हायडी’ झालं, तिच्यातूनच पुढं १९७५ मध्ये निघालेल्या निप्पॉन ॲनिमेशननं तो केला. माझा मुलगा त्या वेळी तो बघायचा आणि मी ‘बंद कर तो पोरखेळ’ म्हणून ओरडायचो. तो नक्की काय बघत होता, हे मी कधी विचारलं नाही.

त्या रात्री मी नातीला काही विचारलं नाही. ‘तुला आईची आठवण येते का?’ असं विचारलं असतं, तर ‘मी मजेत आहे’ हेच उत्तर आलं असतं. दुसऱ्या दिवशी सुताराकडून एक फळी आणली. तिच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर, खिडकीशेजारी, मी स्वतः ठोकली. जरा तिरकीच बसली. मी म्हणालो, ‘बाळा, ही तुझी. इथून जाशील तेव्हाही तुझीच.’ तिनं तिरक्या फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग रात्री फोनवर तिनं आईला पहिल्यांदा सांगितलं, ‘मला इथं रात्री झोप येत नाही.’ सूनबाई पुढच्या शनिवारी येऊन गेली आणि मग दर पंधरा दिवसांनी येत राहिली. बॅग अर्धी रिकामी झाली. अर्धी भरलेलीच राहिली, आणि ते बरोबरच होतं. मूल दोन घरांचं होतं. दिवाळीनंतर ती आईकडे गेली. फळीवर एक फ्रॉक ठेवून गेली, तो आजी घडी मोडू देत नाही.

श्रोतेहो, शेवटी एवढंच सांगतो. तुमच्या घरात पोरं अशी चित्रं बघत असतील, तर एखाद्या दिवशी शेजारी बसा आणि आवाज पूर्ण बंद करा. मग बघा: पात्र किती जड चालतं, चौकटीत किती एकटं आहे, उजेड कुठून येतो, आणि चित्र कुठं थांबतं. गोष्ट कळते का बघा. कळली, तर समजा की ते काढणाऱ्यानं मेहनत केली आहे. आणि मग टीव्ही बंद करून, तीच नजर जरा घरातल्या माणसांवर टाका. तीही सगळंच बोलून दाखवत नाहीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)